लिनक्सवर जुन्या सीडी-डीव्हीडी माउंट होत नाहीत : काही उघडतात, काही अर्ध्याच दिसतात, काहींनी तर संगणकच अडतो

वाचनालयसेवक

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात २००४ ते २०११ या काळात तयार झालेल्या सीडी आणि डीव्हीडींचे खोके आहेत. त्यांत व्याख्यानमालेची ध्वनिमुद्रणे, हस्तलिखित नियतकालिकाची स्कॅन केलेली पाने आणि काही कार्यक्रमांचे चित्रीकरण आहे. कार्यकारिणीने हे सर्व हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. वाचनालयाच्या डेस्कटॉपवर आता लिनक्स मिंट २१ आहे आणि त्यात साटा जोडणीचा डीव्हीडी रायटर आहे.

अडचण अशी की प्रत्येक डिस्क वेगळेच वागते. काही डिस्क घालताच डेस्कटॉपवर चिन्ह येते आणि सर्व काही सुरळीत दिसते. काहींच्या बाबतीत 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असा संदेश येतो. एका सीडीवर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे सहा वर्षांचे अंक असायला हवेत, पण उघडल्यावर फक्त शेवटच्या वर्षाचा फोल्डर दिसतो. चित्रीकरणाच्या लहान आकाराच्या डीव्हीडींबाबत तर ड्राइव्हमध्ये काही घातले आहे याचीही दखल घेतली जात नाही. एक डिस्क घातली की ड्राइव्ह खरखरत राहतो, फाइल व्यवस्थापक गोठतो आणि ट्रेही बाहेर येत नाही. आमच्या पूर्वीच्या सहायकाने लिहून ठेवलेली 'माउंट /मीडिया/सीडीरॉम०' ही कमांड दिली, तर '/डेव्ह/एससीडी० अस्तित्वात नाही' असे उत्तर मिळते. ड्राइव्ह बदलावा, लिनक्स पुन्हा टाकावे की विंडोजकडे परत जावे, याबाबत मार्गदर्शन हवे आहे.

कर्नलकाका

यांपैकी एकही गोष्ट तूर्त करू नका. काही डिस्क सुरळीत उघडतात, याचाच अर्थ ड्राइव्ह, त्याची केबल आणि लिनक्स यांचे मूळ काम ठीक चालले आहे. आपण वर्णन केलेल्या तक्रारी किमान पाच वेगवेगळ्या कारणांच्या आहेत आणि त्या सगळ्यांना 'माउंट होत नाही' हे एकच नाव दिल्यामुळे गोंधळ वाढला आहे.

माउंट होणे म्हणजे डिस्कवरील फाइल लिनक्सच्या एखाद्या फोल्डरला जोडल्या जाऊन उघडता येणे. त्याआधी बऱ्याच पायऱ्या असतात. ड्राइव्ह कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसला पाहिजे, आत डिस्क आहे हे ड्राइव्हला कळले पाहिजे, डिस्कवरील ट्रॅकची यादी वाचता आली पाहिजे, त्या ट्रॅकमध्ये फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची मांडणी व यादी, सापडली पाहिजे आणि शेवटी ती माउंट करण्याची परवानगी आपल्याला असली पाहिजे. पडद्यावर येणारा 'बॅड सुपरब्लॉक' हा संदेश यांतील तिसरी पायरी चुकली तरी येतो आणि चौथी चुकली तरी येतो, म्हणून त्यावर विसंबून काही ठरवता येत नाही. खरे उत्तर कर्नलच्या लॉगमध्ये असते.

एका टर्मिनलमध्ये हा लॉग सतत दाखवणारी 'सुडो डीमेसग -डब्ल्यू' ही कमांड (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालू ठेवा आणि मगच डिस्क आत घाला. ड्राइव्हचा आवाज स्थिर झाला की दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ /डेव्ह/एसआर०' द्या. (या मंचाच्या नियमानुसार आज्ञा देवनागरीत लिहीत आहे, टंकताना अर्थातच रोमन लिपी वापरावी.) दुसऱ्या कमांडच्या उत्तरात आयएसओ९६६० किंवा यूडीएफ असे फाइल सिस्टीमचे नाव आणि डिस्कचे लेबल दिसले, तर फाइल सिस्टीम सापडलेली आहे आणि अडचण पुढची आहे. तो रकाना रिकामा असेल, तर डिस्क ध्वनिमुद्रणाची आहे, अपूर्ण लिहिलेली आहे किंवा वाचताच येत नाही, या तीनपैकी एक गोष्ट खरी असते. कोणती, ते लॉगवरून ठरेल. प्रत्येक प्रकारातील एकेक डिस्क घालून काय दिसते ते कृपया येथे लिहावे. जी डिस्क खरखरते तिला मात्र आता हात लावू नका.

'एससीडी०'चा प्रश्न लगेच मिटवू. फार पूर्वी ऑप्टिकल ड्राइव्हला /डेव्ह/एचडीसी, /डेव्ह/एससीडी० अशी नावे मिळत असत. आता ते नाव /डेव्ह/एसआर० आहे आणि जुने उपनाव तयार होणे कधीच बंद झाले आहे. आपल्या /ईटीसी/एफएसटॅब या माउंटच्या सूचनांच्या फाइलमध्ये त्या नावाची ओळ कोणीतरी घातलेली दिसते. तिच्या सुरुवातीला '#' लावून ती निकामी करा. डेस्कटॉपवर डिस्क माउंट करण्याचे काम यूडिस्क्स ही सेवा करते, त्यासाठी एफएसटॅबमध्ये काहीही लिहावे लागत नाही. टर्मिनलमधूनच करायचे असेल तर 'यूडिस्क्ससीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसआर०' पुरेसे आहे आणि त्याला सुडोही लागत नाही.

चौकस_वाचक

माझीही अशीच तक्रार आहे. बाजारातून घेतलेली चित्रपटाची डीव्हीडी माउंट होते, फोल्डरही दिसतात, पण फाइल चालत नाही.

कर्नलकाका

आपली अडचण माउंटची नाही. लॉगमध्ये 'रीड ऑफ स्क्रॅम्बल्ड सेक्टर विदाउट ऑथेंटिकेशन' अशी ओळ असेल, तर ती डिस्क सीएसएस या नक्कल-रोधक पद्धतीने कुलूपबंद आहे आणि ती चालवण्यासाठी लिबडीव्हीडीसीएसएस हे जोड-सॉफ्टवेअर लागते. त्यासाठी वेगळा धागा काढावा, येथे वाचनालयाचे काम चालू राहू द्या.

वाचनालयसेवक

काका, सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. व्याख्यानांच्या एका सीडीवर फाइल सिस्टीमचा रकाना रिकामा आला आणि लॉगमध्ये 'इल्लीगल मोड फॉर धिस ट्रॅक' असे शब्द आहेत. हस्तलिखिताच्या सीडीवर आयएसओ९६६० दिसते, माउंटही होते, पण मजकूर अपुरा. सुडो वापरून माउंट केल्यावर 'राइट-प्रोटेक्टेड, माउंटेड रीड-ओन्ली' असा इशारा आला, त्याची काळजी वाटते. शिवाय त्या वेळी देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली. लहान डीव्हीडीला रकाना रिकामा आणि लॉगमध्ये विशेष काहीच नाही.

कर्नलकाका

उत्तम. आता एकेक घेऊ.

व्याख्यानांची सीडी पूर्णपणे निर्दोष असावी. ती कॅसेटवरून उतरवलेली ध्वनी-सीडी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या या पद्धतीत फाइल, फोल्डर, नाव असे काहीच नसते. सेकंदाला ७५ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २३५२ बाइट निव्वळ ध्वनी, एवढाच मामला असतो. डेटा-सीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा असतो आणि कर्नल तसा सेक्टर मागतो, म्हणून ड्राइव्ह 'या ट्रॅकसाठी ही रीत चुकीची आहे' असे कळवतो. जिथे फाइल सिस्टीमच नाही तिथे माउंट कशाला करणार? 'सीडीपॅरानोइया -बी' (येथे रोमनमधील मोठा बी) ही कमांड रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन द्या, प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल तयार होईल. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे ६३५ एमबी लागतात. नंतर एफएलएसीमध्ये रूपांतर केले की ध्वनीचा दर्जा न घटता जागा बरीच वाचेल. जतनाच्या प्रतीसाठी एमपी३ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐकण्यासाठी हवी असल्यास ती वेगळी प्रत असावी.

राइट-प्रोटेक्टेडचा इशारा सोडून द्या. सीडीवर लिहिता येत नाही, एवढेच तो सांगतो.

प्रश्नचिन्हांचे कारण असे की विंडोजवर लिहिलेल्या सीडीमध्ये लांब नावे जोलिएट या पद्धतीने साठवलेली असतात आणि ती कोणत्या लिपीसंचात दाखवायची हे हाताने माउंट करताना सांगावे लागते. पर्यायांमध्ये 'आयओकॅरसेट=यूटीएफ८' जोडा, नावे नीट दिसतील. तरीही काही नावे मध्येच तुटलेली आढळतील, कारण जोलिएटमध्ये नावाला ६४ स्थानांची मर्यादा आहे आणि देवनागरीत मात्रा व पायमोडकी चिन्हेही वेगळी मोजली जातात. 'व्याख्यानमाला' हा डोळ्यांना पाच अक्षरांचा शब्द १३ स्थाने खातो. सीडी लिहितानाच तुटलेले नाव आता कोणत्याही पर्यायाने परत येणार नाही. ती नावे पाकिटावरील मजकूर पाहून हातानेच दुरुस्त करावी लागतील.

आता अपुऱ्या दिसणाऱ्या सीडीकडे येतो, कारण आपल्या खोक्यांत अशा आणखी निघतील. सहा वर्षांचे अंक एकाच सीडीवर दरवर्षी थोडे थोडे लिहिले गेले असणार. अशा प्रत्येक लेखनाला सेशन म्हणतात. नवे सेशन लिहिताना आधीच्या सेशनची फाइल-यादी आयात केली तर सर्व वर्षे एकत्र दिसतात. आयात न करता लिहिले तर नव्या यादीत फक्त नव्या फाइल असतात. लिनक्स नेहमी शेवटचे सेशन माउंट करते, म्हणून आपल्याला शेवटचेच वर्ष दिसते. आधीच्या वर्षांचा मजकूर मात्र डिस्कवर जसाच्या तसा आहे.

'वोडिम डेव्ह=/डेव्ह/एसआर० -टीओसी' दिल्यावर प्रत्येक ट्रॅकपुढे एलबीए असा आकडा दिसेल. तो त्या ट्रॅकचा आरंभीचा सेक्टर असतो आणि अशा डेटा-सीडीत साधारणतः दर सेशनला एकच ट्रॅक असतो. पहिल्याचा आकडा ० असेल. यूडिस्क्सने आपोआप केलेले माउंट आधी काढा आणि मग 'सुडो माउंट -टी आयएसओ९६६० -ओ आरओ,एसबीसेक्टर=०,आयओकॅरसेट=यूटीएफ८ /डेव्ह/एसआर० /एमएनटी' अशी कमांड द्या. पहिल्या वर्षाचा फोल्डर दिसला पाहिजे. तो कॉपी करा, 'सुडो यूमाउंट /एमएनटी' करा आणि एसबीसेक्टरच्या जागी यादीतील पुढचा आकडा घाला. यूमाउंटने 'टार्गेट इज बिझी' म्हटले, तर बहुतेक वेळा आपलेच एखादे टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभे असते. 'फ्यूजर -व्हीएम /एमएनटी' ते दाखवून देईल.

वाचनालयसेवक

काका, सर्व सहाही वर्षांचे अंक मिळाले! यादीतील आकडे टाकत गेलो आणि एकेक वर्ष उघडत गेले. आता अशा बहुसेशन डिस्कची संपूर्ण प्रतिमा म्हणजे आयएसओ फाइल करून ठेवावी का?

कर्नलकाका

या प्रकारच्या सीडीसाठी ते टाळावे. दोन सेशनांच्या मधला पट्टा आधीच्या सेशनच्या समाप्तीने आणि पुढच्या सेशनच्या प्रारंभाने भरलेला असतो. पहिल्या सेशननंतर सुमारे २२ एमबी आणि त्यापुढील प्रत्येक सेशननंतर सुमारे १३ एमबी एवढा तो असतो आणि तो डेटा म्हणून वाचता येत नाही. त्यामुळे चांगल्या सीडीवरही वाचन-त्रुटींचा पाऊस पडतो. दुसरी गंमत अशी की आयएसओ फाइलमध्ये ट्रॅकची यादी नसते, म्हणून ती फाइल माउंट केल्यावर कर्नल शेवटचे नव्हे तर पहिले सेशन दाखवतो, आणि मग प्रत्यक्ष सीडीत एक व प्रतिमेत दुसरेच असा नवा घोळ सुरू होतो. सेशनवार फोल्डर कॉपी करणे हेच सरळ आहे.

परदेशस्थ_ठाणेकर

या धाग्याशी निगडित एक प्रश्न विचारतो. मी न्यू जर्सीत असतो आणि बाबांच्या ठाण्यातील संगणकावर एसएसएचने (दुरून टर्मिनल चालवण्याच्या सोयीने) जोडून घेतो. बाबा डिस्क घालतात, त्यांच्या पडद्यावर ती उघडते, परंतु मी 'यूडिस्क्ससीटीएल' दिले की पासवर्ड मागितला जातो आणि /डेव्ह/एसआर० थेट वाचायला गेलो तर परवानगी नाकारली जाते. दोघांचे वापरकर्ता खाते वेगळे आहे.

कर्नलकाका

'एलएस -एल /डेव्ह/एसआर०' दिल्यावर परवान्यांच्या शेवटी अधिकचे चिन्ह दिसेल. संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या वापरकर्त्याला लॉगिन सेवेने दिलेली ती तात्पुरती सवलत आहे. दुरून जोडलेल्याला ती मिळत नाही आणि परवानग्या ठरवणारी पॉलकिट ही सेवाही त्याला समोर बसलेला मानत नाही, म्हणून पासवर्ड विचारला जातो. आपले खाते 'सीडीरॉम' गटात घाला आणि पुन्हा लॉगिन करा, म्हणजे थेट वाचन व प्रतिमा घेणे जमेल. माउंटसाठी सुडो वापरावे किंवा बाबांनाच माउंट करू द्यावे.

कोकणातली_प्रतिमा

वाचनालयसेवक, मी डिस्कवरून माहिती उतरवण्याचे काम करते, म्हणून खरखरणाऱ्या डिस्कविषयी विचारते. तिच्यावर दाखल क्रमांकाची कागदी चिठ्ठी चिकटवलेली आहे का?

वाचनालयसेवक

ताई, आहे! प्रत्येक पुस्तकाला लावतो तशीच चौकोनी चिठ्ठी डिस्कच्या एका बाजूला आहे आणि तिच्या कडा थोड्या सुटल्या आहेत. ती काढून टाकू का?

कोकणातली_प्रतिमा

अजिबात काढू नका. सीडीमध्ये माहितीचा थर आणि त्यामागचा चकाकणारा थर हे छापील बाजूच्या अगदी लगत, केवळ लाखेच्या पातळ लेपाखाली असतात. चिठ्ठी ओढली की तो थर तिच्याबरोबर सुटून येतो आणि त्या जागेची माहिती कायमची जाते. डीव्हीडीचा थर दोन प्लास्टिक चकत्यांच्या मध्ये असल्यामुळे ती तुलनेने सुरक्षित असते, तरीही प्रयोग करू नये. सुटलेली कड आतल्या भागाला घासत असेल, तर तेवढीच कड बारीक कात्रीने जपून कापावी.

एका बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीमुळे डिस्कचा तोल जातो आणि ती वेगाने फिरताना थरथरते. म्हणून वेग कमी करणे हा पहिला उपाय. डिस्क घातल्यावर लगेच 'इजेक्ट -एक्स ४ /डेव्ह/एसआर०' द्या. बहुतेक ड्राइव्ह हा वेग मानतात, काही मानत नाहीत. खालची बाजू धुळकट असेल तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल फिरवून नव्हे. कारण माहिती गोलाकार मार्गाने लिहिलेली असते आणि त्या मार्गावर पडलेला लांब ओरखडा त्रुटी-दुरुस्तीला झेपत नाही, आडवा ओरखडा मात्र झेपतो.

कर्नलकाका

ताईंच्या सल्ल्यात थोडी भर घालतो. अशी डिस्क फाइल व्यवस्थापकाच्या हाती देऊच नये. तो लघुचित्रे बनवण्यासाठी एकाच वेळी अनेक फाइल वाचू पाहतो, खराब सेक्टरवर कर्नल आणि ड्राइव्ह पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात आणि वाट पाहणारी प्रक्रिया 'किल -९'लाही दाद देत नाही. ट्रे कर्नलने कुलूपबंद केलेला असतो, म्हणून बटण दाबूनही तो उघडत नाही. अशा वेळी काही मिनिटे थांबावे. सुटलेच नाही तर संगणक रीतसर बंद करून, डिस्क फिरायची थांबल्यावर ट्रेवरील बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप घालावी.

मिंटमध्ये डिस्क घालताच आपोआप माउंट होण्याची सोय तात्पुरती बंद करा आणि खराब डिस्कची प्रतिमा घेणारे डीडीरेस्क्यू हे साधन वापरा. मिंटमध्ये त्याच्या पॅकेजचे नाव 'जीडीडीरेस्क्यू' असे आहे. प्रथम 'डीडीरेस्क्यू -एन -बी २०४८ /डेव्ह/एसआर० अंक.आयएसओ अंक.मॅप' द्या. या फेरीत ते सहज वाचता येणारा भाग आधी घेते आणि अवघड जागांशी झुंजत बसत नाही. त्यानंतर त्याच दोन फाइलींची नावे ठेवून 'डीडीरेस्क्यू -डी -आर३ -बी २०४८' चालवावे. उरलेल्या जागांवरच पुन्हा प्रयत्न होतो. काय वाचले आणि काय राहिले याची नोंद ठेवणारी मॅप फाइल जपून ठेवा, ती या पद्धतीचा प्राण आहे. तीच मॅप आणि तीच प्रतिमा दुसऱ्या संगणकावर नेऊन वेगळ्या ड्राइव्हमध्ये तीच डिस्क घातली, तर फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसरा ड्राइव्ह वाचून देतो, हे अनेकदा घडते.

जुनाखेळाडू

लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर वीजपुरवठाही पाहावा. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर देते आणि डिस्क गती घेताना काही ड्राइव्हना त्याहून जास्त लागते. मग लॉगमध्ये यूएसबी जोडणी 'रीसेट' झाल्याच्या ओळी येतात आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो. वेगळा अॅडॅप्टर असलेला हब किंवा दोन टोकांची केबल वापरल्यास हा त्रास थांबतो.

वाचनालयसेवक

आता लहान डीव्हीडी तेवढ्या उरल्या. त्या हातातील कॅमेऱ्यात थेट चित्रीकरण करणाऱ्या प्रकारच्या आहेत.

कोकणातली_प्रतिमा

आठ सेंटिमीटर व्यासाची ही डिस्क ट्रेमधील आतल्या खोलगट वर्तुळात नीट बसवावी आणि ट्रे नसलेल्या, फटीतून डिस्क ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीही घालू नये. 'डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो /डेव्ह/एसआर०' देऊन पाहा. डिस्कची स्थिती 'अपेंडेबल' आणि शेवटचे सेशन 'इनकम्प्लीट' दिसले, तर चित्रीकरणानंतर डिस्क फायनलाइझ केलेली नाही. कॅमेरा आधी नुसते चित्र लिहीत जातो आणि आरंभी राखून ठेवलेल्या जागेत फाइलींची यादी फायनलाइझ करतानाच लिहितो. म्हणून चित्र असूनही माउंट करण्यासारखे काही सापडत नाही.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तोच कॅमेरा शोधून, चार्जरला जोडून, त्याच्या मेनूतून डिस्क फायनलाइझ करणे. कॅमेरा नसेल तर संगणकावरील बर्निंग प्रोग्रॅमने ती 'बंद' करण्याचा मोह टाळावा, कारण त्या राखीव जागेत चुकीचे काही लिहिले गेले की परतीचा रस्ता उरत नाही. आधी डीडीरेस्क्यूने प्रतिमा मिळते का ते पाहावे आणि मिळाल्यास त्या प्रतिमेवर फोटोरेक हा प्रोग्रॅम चालवून एमपीईजीचे तुकडे काढावेत. तुकड्यांना मूळ नावे व क्रम नसतो, पण चित्र हाती येते. काही ड्राइव्ह अपूर्ण डिस्कची क्षमता शून्य दाखवतात. त्यावर दुसरा ड्राइव्ह हाच उपाय.

वाचनालयसेवक

कॅमेरा माजी कार्यवाहांच्या घरी मिळाला आणि त्यांनी तो आनंदाने दिला. डिस्क फायनलाइझ होताच मिंटवर यूडीएफ म्हणून माउंट झाल्या. चिठ्ठीवाली सीडीही कमी वेगावर जवळजवळ पूर्ण वाचली गेली. एकच शंका आहे. एका चांगल्या, एकाच सेशनच्या सीडीची प्रतिमा घेताना अगदी शेवटी ४०९६ बाइट वाचता आले नाहीत असे डीडीरेस्क्यू सांगते. ही डिस्क खराब होऊ लागली आहे का?

कर्नलकाका

नाही. ४०९६ बाइट म्हणजे नेमके दोन सेक्टर. ट्रॅक-अॅट-वन्स पद्धतीने लिहिलेल्या सीडीत ट्रॅक संपताना लेसर थांबवण्यासाठी दोन सेक्टर खर्ची पडतात. ट्रॅकच्या लांबीत ते मोजले जातात, पण त्यांत आपली माहिती नसते आणि बरेच ड्राइव्ह ते वाचू शकत नाहीत. खात्रीसाठी 'आयएसओसाइझ अंक.आयएसओ' द्या. त्यातून फाइल सिस्टीमचा खरा आकार बाइटमध्ये मिळेल. मॅप फाइलमधील न वाचलेल्या भागाचा आरंभ त्या आकड्याच्या पुढे किंवा बरोबर असेल, तर प्रतिमा परिपूर्ण आहे. 'सुडो माउंट -ओ लूप,आरओ,आयओकॅरसेट=यूटीएफ८' करून दोन-चार मोठ्या फाइल उघडून पाहा, 'एसएचए२५६सम'चा आकडा (फाइल पुढे बदलली नाही ना, हे पडताळण्यासाठी) प्रतिमेशेजारी लिहून ठेवा आणि पुढची डिस्क घ्या.